समुद्रात बंद, जेटीवर चालू: होडीवरच्या लिथियम बॅटरीचं दुखणं शोधताना

फिश फाइंडरचा पडदा अचानक काळा होतो. पाठोपाठ वायरलेस गप्प, दिवा बंद. तांडेल (होडीचा प्रमुख) खोक्याचं झाकण उघडून वायरी हलवतो, आणि मिनिटभराने सगळं आपोआप सुरू होतं. तासाभराने पुन्हा तेच. जेटीवर येऊन मीटर लावला तर १३.१ व्होल्ट. दुकानदार म्हणतो बॅटरी चांगली आहे, तांडेल म्हणतो दर्यात दगा देते. दोघंही खरं बोलत असतात.

मी रत्नागिरी-हर्णै पट्ट्यात लहान फायबर होड्यांचं वायरिंग करतो. होडी पंचवीस-तीस फुटांची, मागे एक किंवा दोन आउटबोर्ड मशीन (इंजिनं), वर जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, पाणी उपसायचा पंप आणि जाळं ओढताना दिसावं म्हणून दोन-तीन एलईडी दिवे. (दिवे फक्त कामापुरते. एलईडीच्या झोतात मासळी गोळा करून धरायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे.) आता त्यात उपग्रहाशी जोडलेला ट्रान्सपॉन्डर आला. म्हणजे बॅटरी गेली की नुसती मासळी जात नाही, मदत मागायची वाटही बंद होते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. माझ्याकडे 'खराब' म्हणून आलेल्या बऱ्याच बॅटऱ्या खराब नव्हत्याच. दोष जोडणीत होता किंवा चार्जिंगमध्ये, आणि माणसं नवीन बॅटरीचे पैसे मोजून तोच दोष तिच्या माथी मारायला निघाली होती.

आधी बॅटरीची ओळख पक्की करा

बॅटरीवरचं लेबल वाचा. १२.८ व्होल्ट लिहिलं असेल तर ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, आत ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने जोडलेले. होडीसाठी हीच हवी. लेबलवर ११.१ व्होल्ट असेल, किंवा लेबलच नसेल आणि कोणीतरी स्कूटरच्या जुन्या पॅकमधले सेल काढून '१२ व्होल्टची लिथियम' बांधून दिली असेल, तर ती तीन सेलची दुसऱ्या जातीची बॅटरी असण्याची दाट शक्यता आहे. ती १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. तिला १४.४ व्होल्टचा चार्जर लावला आणि आतला बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) तकलादू निघाला, तर आग लागू शकते, आणि होडीत बॅटरीपासून हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी असते. अशी बॅटरी होडीवर नको. यात मी कोणाचंही मन राखत नाही.

पुढचं सगळं १२.८ व्होल्टच्या बॅटरीबद्दल आहे. तिच्या पोटात बीएमएस नावाचं सर्किट असतं. कुठल्याही सेलचं व्होल्टेज फार उतरलं, साधारण २.५ च्या खाली, किंवा ३.६५ च्या वर गेलं, करंट मर्यादेबाहेर गेला, किंवा बॅटरी तापली, की हा बीएमएस वीज तोडतो. कारण दूर झालं की बहुतेक बीएमएस स्वतःहून पुन्हा जोडतात. जेटीवर बॅटरी चांगली दिसते ती यामुळे. लोड (वीज ओढणारी उपकरणं) निघालेला असतो, ऊन उतरलेलं असतं, सेलचं व्होल्टेज पुन्हा वर आलेलं असतं.

तो १३.१ चा आकडाही फसवा आहे. आपली सवय ॲसिडवाल्या बॅटरीची. तिथे १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियम तसं सांगत नाही. पूर्ण भरून थोडा वेळ ठेवलेली बॅटरी १३.३ ते १३.४ दाखवते, आणि १३.२ पासून १३.० पर्यंतच्या त्या एवढ्याशा उतारात जवळपास निम्मी क्षमता दडलेली असते. तिथून खाली मात्र कडा तुटल्यासारखं व्होल्टेज कोसळतं. त्यामुळे नुसत्या मीटरवर किती उरलं याचा अंदाज बांधू नका. बॅटरीत किती अँपिअर-तास गेले आणि किती आले हे मोजणारा, शंटवाला मीटर बसवा. फिश फाइंडरच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या व्होल्टेजवर तर मुळीच विसंबू नका, ते वायरच्या शेवटी मोजलेलं असतं.

बंद पडलेल्या त्या क्षणी काय मोजायचं

अर्धं निदान इथेच होतं. होडीवर साधा मल्टिमीटर ठेवा, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. उपकरणं बंद पडली की लगेच वायर हलवू नका. हलवली की पुरावा गेला. आधी मीटरच्या दोन्ही काड्या बॅटरीच्या खांबांवर टेकवा. वायरच्या लगवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) नाही, नटावर नाही, थेट खांबावर.

खांबांवर १३ च्या आसपास व्होल्टेज आहे आणि तरी उपकरणं मेलेली आहेत, तर बॅटरी निर्दोष. वीज वाटेत अडते आहे. खांबांवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसले, तर बीएमएसने तोडलं आहे आणि त्याचं कारण शोधायचं.

खलाशाला हे एकदा जेटीवर करून दाखवा. काळोखात, होडी हेलकावत असताना पहिल्यांदाच करायला गेलं तर काडी घसरते.

वाटेत अडणारी वीज

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त याच असतात. गेल्या हंगामात एक होडी आली होती. दोन महिन्यांत दुसरी बॅटरी, आणि तीही बंद पडते म्हणून तांडेल वैतागलेला. जाळं ओढायला दिवे लावले की फिश फाइंडर विझायचा. मी दिवे, पंप, सगळं एकदम चालू करायला सांगितलं. खांबांवर १३.०, फिश फाइंडरच्या मागच्या प्लगवर १०.६. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे?

मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवली, दुसरी पुढे पुढे सरकवत गेलो. खांब ते लग, काही नाही. लग ते फ्यूज, काही नाही. फ्यूजच्या पलीकडच्या तोंडावर मीटर एकदम दीड व्होल्टवर गेला. तिथली लग वरून नवीकोरी दिसत होती, काळी नळीही नीट चढवलेली. नळी चिरली तर आतून हिरवी पूड सांडली. लगला चिकटून चार-पाच तारा शिल्लक होत्या, बाकीच्यांचं पीठ झालं होतं. वायर मागे हातभर सोलली तरी तांबं काळंच. साध्या तांब्याच्या तारेत खारं पाणी असं आतल्या आत चढत जातं, वरचं प्लॅस्टिक चांगलं राहतं आणि आत तार मरते. उरलेला व्होल्ट निगेटिव्हच्या बाजूला, सगळ्या काळ्या वायरी एकत्र येतात त्या पट्टीवर जात होता. लोक लाल वायर तपासतात आणि काळी विसरतात.

म्हणून मोजमाप नेहमी लोड चालू ठेवून करायचं. लोड नसताना त्या चार तारांतूनही पूर्ण १३ व्होल्ट दिसतात. लाल आणि काळी दोन्ही मिळून बॅटरीपासून उपकरणापर्यंत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट नको.

वायर चांगली असूनही बारीक असेल तर तोच परिणाम होतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत मीटरमागे सुमारे ७.४ मिलिओहम रोध असतो. बॅटरी मागे आणि दिवे पुढे, पाच मीटर अंतर, जाऊन-येऊन दहा मीटर. त्यातून १० अँपिअर ओढले की पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट ०.३ च्या आसपास येते. घरगुती वायर वापरू नका. कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक बारीक तारांची वायर घ्या, लग दाबयंत्राने दाबा, वर आतून गोंद असलेली नळी चढवा आणि ती वितळून कडेने गोंद बाहेर येईपर्यंत तापवा. चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे मिठाचं पाणी आत कोंडून ठेवणं. खांबावर आधी लग घट्ट बसवायची, मग वरून ग्रीस. मधे ग्रीस भरून वर लग ठेवायची नाही.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आतच हवा. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर ओतू शकते, स्वस्तातला फ्यूज तेवढा करंट तोडू शकत नाही, त्याच्या आत ठिणगी पेटत राहते. खांबावरच बसणारा एमआरबीएफ जातीचा फ्यूज लहान होडीला पुरेसा आहे.

बीएमएसने तोडलं असेल तर वेळ बघा

खांबांवर शून्य दिसलं की मी एकच गोष्ट विचारतो: नेमकं कधी?

मशीनला सेल्फ मारताना, असं उत्तर आलं तर दुसरं काही शोधायला नको. ४० अश्वशक्तीच्या मशीनचा स्टार्टर पहिल्या क्षणाला शंभराच्या वर, कधी दोनशेच्या घरात अँपिअर ओढतो. साध्या १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा बीएमएस बहुधा १०० अँपिअरचा असतो. तो तोडणारच. काही दिवस चालतं, मशीन गरम असताना चालतं, आणि पहाटेच्या गारव्यात नेमकं अडतं. स्टार्टरसाठी ॲसिडवाली बॅटरी वेगळी ठेवा. मोबाईल चार्ज करायला इन्व्हर्टर लावला असेल तर त्याचं बटण दाबतानाही असंच होतं, कारण त्याच्या आतले कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखे वागतात. होडीवर मोबाईलला १२ व्होल्टचा यूएसबी चार्जर पुरतो, इन्व्हर्टर काढून टाका.

भर दुपारी, असं उत्तर आलं तर बॅटरीच्या खोक्याला हात लावून बघा. काळं प्लॅस्टिकचं खोकं, वर एप्रिलचं ऊन, शेजारी मशीन. बहुतेक बीएमएस ६० ते ६५ अंशांना वीज देणं थांबवतात आणि चार्ज घेणं त्याहूनही आधी. खोकं सावलीत हलवा, पांढरं रंगवा, वारा खेळेल पण लाट आत येणार नाही अशी जाळी ठेवा.

परतताना, मशीन जोरात असताना फिश फाइंडर बंद होतो किंवा कायमचाच जातो. हे प्रकरण महागात पडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. मशीनमधून येणारी चार्जिंगची वीज ॲसिडच्या बॅटरीसाठी बनवलेली असते. ॲसिडची बॅटरी जास्तीची वीज गरम होऊन, पाणी उडवून का होईना, पिऊन टाकते. लिथियम भरली की बीएमएस दार लावून घेतो. मशीन तर फिरतंच आहे, तिची वीज जायला जागा नाही, त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि त्याच तारेवर असलेल्या जीपीएस, वायरलेस, फिश फाइंडरवर आदळतं. मशीनचा रेक्टिफायर-रेग्युलेटरही (मशीनची वीज बॅटरीजोगी करून तिचं व्होल्टेज आवरणारा भाग) त्यात जातो. जुन्या लहान मशीनवर नुसता रेक्टिफायर असतो, रेग्युलेटर नसतोच. तिथे जोरात चालवताना १५ व्होल्टच्या वर जाणं मी स्वतः मीटरवर पाहिलं आहे.

यावर उपाय एकच, आणि तो मी प्रत्येक होडीवर करायला सांगतो. मशीन फक्त ॲसिडच्या बॅटरीला जोडायचं. तिथून लिथियमला १२ ते १२ व्होल्टचा डीसी चार्जर लावायचा, ज्याची सेटिंग लिथियमची आहे. लिथियमने दार लावलं तरी ॲसिडची बॅटरी मशीनला जोडलेली राहते आणि ती उसळी पोटात घेते. डीसी चार्जर किती अँपिअरचा घ्यायचा हे मशीनवरून ठरवा. तुमचं मशीन जोरात असताना १० अँपिअर देत असेल तर २० अँपिअरचा चार्जर लावून उपयोग नाही, उलट स्टार्टरची बॅटरी उतरेल आणि पहाटे दोरी ओढावी लागेल. ५-६ अँपिअरचा पुरे. दोन बॅटऱ्यांमध्ये जो 'एक-दोन-दोन्ही' असा फिरवायचा स्विच असतो, तो मशीन चालू असताना फिरवू नका, आणि 'दोन्ही'वर ठेवू नका.

आणि पाणी उपसायचा पंप ॲसिडच्या बॅटरीवरच ठेवा. बीएमएस कधीही तोडू शकतो, ते त्याचं कामच आहे. पण होडीत पाणी भरत असताना पंप त्याच्या भरवशावर नको. वायरलेस आणि ट्रान्सपॉन्डरलाही एका चेंजओव्हर स्विचने ॲसिडच्या बॅटरीवर घेता येईल अशी सोय करा. वायरलेसच्या चॅनेल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनेलवर, बोलता आलं पाहिजे. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लागतो, पण जाळी टाकायला जातो तिथे रेंज असेलच असं नाही.

मध्यरात्रीनंतर, अजून बरीच बॅटरी उरलेली असायला हवी तेव्हा

हे उत्तर आलं की मला चार्जरबद्दल विचारावं लागतं. १०० एएचची बॅटरी, हिशेबाने ५०-६० एएच वापरली, आणि बीएमएसने तोडलं. इथे बहुधा चार सेलपैकी एक मागे पडलेला असतो. बाकीचे तीन सुस्थितीत असतात, हा एक २.५ ला टेकतो आणि बीएमएस सगळ्यांचीच वीज तोडतो.

सेल असा मागे का पडतो? सेलमधला फरक भरून काढायचं काम बीएमएस फक्त बॅटरी काठोकाठ भरत आली की करतो, साधारण सेलमागे ३.४ व्होल्टच्या वर. घरचा जुना चार्जर १३.८ ला थांबत असेल तर बॅटरी बऱ्यापैकी भरते, पण समतोल साधायला लागणारा वेळ तिथे मिळतच नाही. महिन्यामागून महिने फरक वाढत जातो. उलट काही ॲसिडच्या चार्जरमध्ये 'रिपेअर' म्हणून १५ च्या वर व्होल्टेज चढवायची सोय असते, ती लिथियमला कधीही लावू नका.

ओळखायचं कसं? ब्लूटूथची ॲप असेल तर चारही सेल बघा, पण बॅटरी अर्धी असताना बघून काही कळत नाही, तिथे सगळे सारखेच दिसतात. भरत आल्यावर आणि उतरत आल्यावर बघा. ॲप नसेल तर चार्जर लावून खांबांवर मीटर धरून बसा. चार्जिंग १४.४ च्या बरंच आधी, १३.९ वगैरेला तुटत असेल तर एक सेल ३.६५ ला पोचला आणि बाकीचे तीन अजून ३.४ जवळ रेंगाळत आहेत, असा त्याचा अर्थ.

उपाय चिकाटीचा आहे. १४.४ व्होल्टचा लिथियम चार्जर, एक-दोन अँपिअरवर, बॅटरी होडीतून काढून, माणसाचं लक्ष राहील अशा मोकळ्या जागेत. बीएमएस तोडेल, थोड्या वेळाने जोडेल, पुन्हा तोडेल. तसंच चालू द्या. बऱ्याच बीएमएसचा समतोल साधणारा करंट ५० मिलिअँपिअरइतकाच असतो. ५ एएचचा फरक असेल तर तेवढ्यात शंभर तास जातात. एका रात्रीत काम होत नाही म्हणून बॅटरी वाया गेली असं समजू नका. चार-पाच दिवस देऊनही फरक कमी झाला नाही, किंवा एखादा सेल भरून ठेवल्यावर आपोआप उतरत असेल, तर मात्र तो सेल गेला.

बॅटरी कधी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल, झाकणाच्या शिवणीतून पाणी आत गेल्याची शंका असेल, किंवा कूस फुगली असेल, तर यातलं काहीही करू नका. चार्ज करू नका, घरात नेऊ नका, होडीवर ठेवू नका. आत शिरलेलं मीठ कित्येक दिवसांनीही शॉर्ट करतं.

बंदीचे दोन महिने

दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आसपास माझ्याकडे रांग लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारून ठेवलेली, बॅटरी तशीच वायरींना जोडलेली. स्विच बंद केला होता असं सगळे सांगतात, आणि ते खरंच असतं. पण जीपीएसची मेमरी, शंटवाला मीटर, चार्जरचा बारीक हिरवा दिवा स्विचच्या अलीकडून वीज घेत असतात. सगळे मिळून ३० मिलिअँपिअर धरा. ६१ दिवसांत जवळपास ४४ एएच झाले. बॅटरी निम्मी असताना ठेवली असेल तर ऑगस्टमध्ये तळ गाठलेला असतो. बीएमएस तोडतो, खांबांवर शून्य दिसतं, आणि साधा चार्जर तर शून्य बघून चालूच होत नाही. मग लोक म्हणतात बॅटरी मेली.

लिथियमसाठी बनवलेल्या काही चार्जरना झोपलेला बीएमएस उठवायची सोय असते, तो लावून बघा. बॅटरी उठली तर अगदी कमी करंटने भरा आणि सेल तपासा. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल तर त्याला भरायचा हट्ट धरू नका, त्याच्या आत नुकसान झालेलं असतं आणि चार्ज करताना तो तापू शकतो.

ठेवताना निम्मी ते पाऊण भरून, दोन्ही वायरी खांबांवरून काढून, घरात सावलीत कोरड्या जागी ठेवा. काठोकाठ भरून ठेवायची गरज नाही, लिथियमला ते मानवतही नाही. जुलैत एकदा मीटर लावा, १३.० च्या खाली आली असेल तर थोडी भरा. ॲसिडच्या बॅटरीचं उलट आहे, ती पूर्ण भरूनच ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावायची.

ऑगस्टमध्ये होडी उतरवायच्या आदल्या दिवशी लिथियम १४.४ पर्यंत भरा आणि दोन तास चार्जरवर राहू द्या. होडीत बसवल्यावर दिवे, फिश फाइंडर, वायरलेस सगळं एकदम चालू करून दोन आकडे घ्या: खांबांवरचं व्होल्टेज आणि फिश फाइंडरच्या प्लगवरचं. मी ते खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनाने तारखेसकट लिहून ठेवायला सांगतो. दिवाळीत पुन्हा मोजा. खांबांवरचा आकडा तोच आणि प्लगवरचा अर्धा व्होल्टने खाली आलेला दिसला, तर वायरीत हिरवं धरायला लागलं आहे.